दिलगीर असणाऱ्यांची यादी

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता मसुदेरावांनी आपल्या सख्ख्या मोठ्या बहिणीला ‘महोदया’ असं पत्र लिहिलं, आणि नियमाच्या दृष्टीनं त्या पत्रात एकही चूक नव्हती. सगळं बिघडलं ते त्यामुळेच. चूक असती तर दुरुस्त तरी करता आली असती. निर्दोष पत्राचं माणसानं करायचं काय?

मसुदेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनकाटे तयार करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात गेली सव्वीस वर्षं ते मसुदे लिहीत होते, म्हणून ऑफिसनं हे नाव ठेवलं. ते इतकं चिकटलं की एकदा डॉक्टरांनीही औषधाच्या चिठ्ठीवर तेच लिहिलं आणि मसुदेरावांनी ते औषध मुकाट्यानं घेतलं. ग्राहकाची तक्रार आली की तिला आवक क्रमांक पडायचा आणि तीन दिवसांच्या आत मसुदेरावांचं उत्तर निघायचं. चौथा दिवस त्यांनी कधी उजाडू दिला नव्हता. चार नातेवाईक जमले की ही गोष्ट ते आवर्जून सांगत. घरी आलेल्या पत्रांचं मात्र तसं नव्हतं. ती वाचून झाली की टेबलाच्या खणात जात आणि ‘निवांत बसून चांगलं सविस्तर लिहू’ या सदिच्छेखाली तिथे मुरत पडत. पण घरच्या पत्रांना आवक क्रमांक नसतो, त्याला मसुदेराव काय करणार?

त्या मंगळवारच्या तक्रारीला चारशे सतरा क्रमांक पडला होता. स्वयंपाकघरातला छोटा काटा, अर्धा किलो पीठ ठेवलं तर पाचशे वीस दाखवतो, अशी तक्रार. खाली नाव आणि पत्ता ताईचा. अक्षर तर मसुदेरावांनी पाकिटावरच ओळखलं होतं, कारण लहानपणी त्यांच्या सगळ्या वह्यांवर याच अक्षरात त्यांचं नाव घातलेलं असायचं. उचलावा फोन आणि विचारावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्यांच्यातला न्यायाधीश जागा झाला. बहीण झाली म्हणून काय झालं? कामाच्या जागी सगळे ग्राहक सारखे. आपल्या निःपक्षपातीपणानं स्वतःच जरा भारावून जात त्यांनी लिहिलं:

‘महोदया, आपली तक्रार आम्हांस मिळाली. आपणांस झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सदर बाबीचा आम्ही सखोल विचार करीत असून यथावकाश कळवू.’

यातलं ‘आम्ही’ मसुदेरावांचं फार लाडकं. ‘मी दिलगीर आहे’ असं त्यांनी आयुष्यात एकदाही लिहिलं नव्हतं. धंद्याच्या पत्रात ‘मी’ लिहिणं म्हणजे बनियनवर दार उघडण्यासारखं, असं त्यांचं मत होतं. ‘आम्ही’ आलं की मागून येणारं क्रियापदसुद्धा कसं कोट घालून येतं. आहोत. करीत आहोत. कळवू. आणि ते लिहिताना त्यांची नजर समोरच्या काचेच्या कपाटावर जायची, पेन थांबायचं, आणि त्यांना ते ‘आम्ही’ चक्क दिसायला लागायचे. एक मोठी हिरवळ, त्यावर उतरतं ऊन, आणि त्या उन्हात इस्त्रीचे कपडे घातलेली चाळीसएक सभ्य माणसं माना किंचित खाली घालून उभी. कुणी रडतबिडत नाही, नुसती दिलगीर. त्या घोळक्यात मागच्या रांगेत कुठेतरी मसुदेरावही असायचे. मागच्या रांगेत फार बरं वाटतं. वाराही येतो आणि नावानं कुणी हाक मारत नाही. चहाचा कप टेबलावर आपटला की हिरवळ विरायची, मसुदेराव कागदावर विभागाचा शिक्का उठवायचे आणि तो जावकला धाडून द्यायचे.

शुक्रवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

“तुम्ही ताईंना महोदया लिहिलंत?”

“पद्धत आहे ती.”

“सख्ख्या बहिणीला?”

“ग्राहक म्हणून लिहिलंय. बहीण म्हणून नाही लिहिलं.”

“मग बहीण म्हणून कधी लिहिणार?”

मसुदेरावांनी हात धुवायला घेतले आणि ते बराच वेळ धुतले. बायकोनं सांगितलं की ताईंचा फोन आला होता, त्या ओरडल्या नाहीत, उलट फार हळू बोलल्या. ताई हळू बोलली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मसुदेरावांनी लगेच फोन लावला.

“ताई, मी बोलतोय.”

“मी कोण?”

“मी. बाळ्या.” चौपन्नाव्या वर्षी हे नाव स्वतःच्या तोंडानं घेताना त्यांनी आवाज जरा खाली आणला.

“राँग नंबर. इथे महोदया राहतात.” आणि फोन ठेवला गेला.

ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दोन बस बदलून. मेहुणे दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगी लांब नोकरीला. मसुदेराव सुरुवातीला दर रविवारी जायचे, मग एका आड एक रविवार, मग सवडीनं. आणि सवड ही अशी चीज आहे की वाट बघणाऱ्याला ती कधीच भेटत नाही. आता आठ महिने झाले होते. हा हिशेब मसुदेरावांनी त्या रात्री अंथरुणात पडून केला आणि मग त्यांना धड झोप लागली नाही. ताई कायमची तुटली तर, असा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला. लहानपणी त्यांचं बोट धरून शाळेत नेणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलं होतं.

सकाळी शेजारच्या दारातले निवृत्त हेडमास्तर पेपर मागायला आले. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, कारण दोन घरांच्या मधली भिंत पातळ होती आणि हेडमास्तरांना वेळ भरपूर होता.

“माफीनामा लेखीच हवा,” ते खुर्ची ओढून बसत म्हणाले. “तुमचा धंदाच तो. लिहा, मी तपासून देतो.”

मसुदेरावांनी लिहिलं, ‘चूक झाली आहे.’ हेडमास्तरांनी खिशातून लाल पेन काढलं.

“चूक आपोआप झाली का? दूध उतू गेल्यासारखी?”

मसुदेरावांनी लिहिलं, ‘क्षमा असावी.’

“कुठे असावी? कपाटात?”

“‘आमच्याकडून अनवधानाने’ असं लिहिलं तर?”

“आमच्या म्हणजे तुम्ही आणि आणखी कोण?”

“मी आणि... ही.”

“मला त्यात ओढायचं नाही,” आतून आवाज आला. “मी दर आठवड्याला त्यांना फोन करते.”

हेडमास्तरांनी पेनाला टोपण लावलं. “कर्ता एक, क्रियापद एक. मी चुकलो. दोन शब्दांचं काम आहे. सातवीतल्या पोराला जमतं.”

“सातवीतल्या पोराला सव्वीस वर्षांची नोकरी नसते,” मसुदेराव म्हणाले. रविवार संध्याकाळपर्यंत त्यांनी अकरा मसुदे केले. बारीकसारीक फरक सोडले तर ते सगळे कंपनीकडून आल्यासारखे वाटत होते. शेवटच्या मसुद्याच्या तळाशी तर सवयीनं ‘प्रत माहितीसाठी’ असंही लिहून झालं होतं.

सोमवारी ऑफिसात ताईचं दुसरं पत्र येऊन पडलेलं होतं, चारशे बत्तीस क्रमांकाचं. त्यात फक्त तीन ओळी होत्या. ‘आपले पत्र मिळाले. त्यात ‘आम्ही दिलगीर आहोत’ असे लिहिले आहे. आम्ही म्हणजे नक्की कोण कोण? नावे कळवावीत.’

अशी पत्रं पूर्वी मसुदेराव ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ या एका ओळीत गार करायचे. पण हे पत्र आधी नव्या मॅनेजरबाईंच्या टेबलावर गेलं. बाई दीड महिन्यापूर्वी आल्या होत्या. बोलायला मऊ, पण एक विचित्र खोड होती. कुठलंही वाक्य वाचलं की ते कुणीतरी अर्थ मनात धरूनच लिहिलं असणार, असं त्या समजत. त्यांनी मसुदेरावांना बोलावून घेतलं.

“ग्राहकबाईंचा प्रश्न योग्य आहे. कोण कोण आहे यात?”

“म्हणजे, कंपनी.”

“कंपनी तर एकच आहे. मग ‘कंपनी दिलगीर आहे’ असं एकवचनी लिहा ना.”

“कंपनी कशी दिलगीर असेल, मॅडम? ती नोंदणीकृत आहे.”

“मीही तेच म्हणतेय,” बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत विचारात पडल्या. एखाद्या वरिष्ठानं खिडकीबाहेर बघावं आणि त्यातून परिपत्रक निघू नये, असं सहसा होत नाही. हेही दुपारी निघालं. ‘यापुढे पत्रातील कर्ता एकवचनी असल्यास क्रियापद एकवचनी ठेवावे. अनेकवचनी क्रियापद वापरावयाचे असल्यास ती क्रिया प्रत्यक्ष करणाऱ्या व्यक्तींची नावे व सह्या कार्यालयीन प्रतीवर घ्याव्यात.’

दोन दिवस ऑफिसात कुणी कुणाला पत्र लिहिलं नाही. विक्री विभागाचं ‘कळविण्यास आम्हांस अत्यंत आनंद होत आहे’ हे पत्र तर अडकूनच पडलं, कारण अत्यंत आनंद होत असल्याची सही द्यायला त्या विभागात कुणीच तयार होईना. ‘आम्ही आपल्या प्रतिसादाची आतुरतेने वाट पाहत आहोत’ याखाली कुणीतरी ‘पाचपर्यंतच’ अशी टीप घालून सही केली होती.

ताईचं उत्तर हे नव्या नियमाखालचं तक्रार विभागाचं पहिलं पत्र. “तुम्ही एकट्यानं ‘मी’ लिहिलंत तरी चालेल,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “नको नको,” मसुदेराव म्हणाले, “आम्हीच.” ही ग्राहकबाई आपली बहीण आहे, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. मग फाईल काखेला मारून ते दिलगीर माणसं शोधायला निघाले.

जावकबाईंनी कागद वाचलासुद्धा नाही. आठ तास पाकिटं चिकटवून त्यांच्या स्वभावाला एक उदास गोडवा आला होता. “द्या इकडे. मी नेहमीच दिलगीर असते,” म्हणून त्यांनी सही ठोकली.

स्टोअरकीपर मात्र निगुतीचे. पूर्ण फाईल वाचल्याशिवाय आपण दिलगीर होऊ शकत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि फाईल ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी मसुदेराव गेले तर स्टोअरकीपर काट्यांच्या खोक्यांमध्ये स्टुलावर गप्प बसून होते. “बाई एकट्या राहतात असं पत्रावरून वाटतं,” ते म्हणाले. “अर्ध्या किलोचं पीठ म्हणजे एका माणसाचा आठवडा. कमी भरलं तर शेवटच्या दिवशी काय करत असतील?” मसुदेरावांनी हा विचार केलेला नव्हता. स्टोअरकीपरांनी सही केली आणि खाली ‘मनापासून’ असं लिहिलं.

तिसरे ग्रॅमकाका. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक काटा हे गृहस्थ तपासून सोडत. घरात पाहुणा आला तरी ते त्याच्याकडे अंदाज घेतल्यासारखे बघतात, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती.

“मी दिलगीर नाही,” ते म्हणाले.

“नियमापुरती सही, काका.”

“नियमापुरता मी का दिलगीर होऊ? काटा माझ्या हातून गेला तेव्हा अचूक होता. एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही. दोष सिद्ध करा, ढसाढसा रडतो.”

बऱ्याच वाटाघाटींनंतर त्यांनी ‘दोष आढळल्यास दिलगीर’ असं लिहून सही दिली. त्या संध्याकाळी मसुदेरावांनी सवयीप्रमाणे कपाटाच्या काचेकडे पाहिलं. हिरवळ दिसली, ऊनही होतं, पण ती चाळीस सभ्य माणसं कुठेतरी निघून गेली होती. त्यांच्या जागी हातात गोंदाची बाटली घेतलेल्या जावकबाई, स्टुलावर बसलेले स्टोअरकीपर आणि पाठ फिरवून उभे असलेले ग्रॅमकाका होते. मागच्या रांगेचा तर पत्ताच नव्हता. तीन माणसांना कुठली आली मागची रांग?

“आणि तुम्ही?” यादी बघून मॅनेजरबाईंनी विचारलं. “तुमची सही?”

“मी मसुदा केला, मॅडम.”

“ते दिसतंय. पण तुम्ही दिलगीर आहात का?”

मसुदेरावांनी तोंड उघडलं. होतो, आहे, फार आहे, रात्री झोप लागत नाही, असं सगळं आत दाटून आलं होतं. बाहेर आलं ते इतकंच: “विभाग सहमत आहे.” बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि यादीसकट पत्र जाऊ दिलं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. जावकबाईंनी ते हातोहात आणलं, कारण आपल्याला कुणी उलट पत्र लिहिण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती. पत्र मॅनेजरबाईंच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचलं गेलं.

‘सह्या करणाऱ्या तिघांचे आभार. ओळख नसूनही बरे वाटले. ‘मनापासून’ लिहिणाऱ्यांना सांगावे की पीठ पुरते, काळजी नसावी. ज्याची सही नाही, त्याला मी ओळखते. माझी तक्रार मी मागे घेत आहे. यापुढे मला काहीही कळवण्याची गरज नाही.’

“तक्रार मागे घेतली,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “म्हणजे फाईल बंद. अभिनंदन.”

सव्वीस वर्षांत बंद झालेल्या प्रत्येक फाईलवर मसुदेरावांनी समाधानानं रेघ मारली होती. आज ते परवानगी न घेता खुर्चीत बसले.

“ज्याची सही नाही तो कोण असेल हो?” जावकबाईंनी विचारलं.

“ती माझी ताई आहे,” मसुदेराव म्हणाले.

स्टोअरकीपर हळूच म्हणाले, “तुम्ही तिला महोदया लिहिलंत?” जो तो हाच प्रश्न का विचारतो, याचं कोडं मसुदेरावांना आता पडेनासं झालं होतं.

यानंतर जे झालं ते ऑफिसच्या इतिहासात नोंदवण्यासारखं होतं. जावकबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता जायला हवं, मीही येते, सही केलीये मी. स्टोअरकीपर म्हणाले, मग मीही येतो, मला त्यांना भेटायचंच आहे. मसुदेरावांचा जीव भांड्यात पडला. चौघं जाऊ, दारात ताईसमोर हे तिघं पुढे उभे राहतील, आपण जरा मागे, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर तयारही झालं. तेवढ्यात मॅनेजरबाई म्हणाल्या, “अर्धा दिवस रजा देते. एकाची.”

ग्रॅमकाकांनी जाताना त्यांच्या हातात एक लाकडी पेटी दिली. आत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं बसवलेली होती. “प्रमाणित आहेत. काटा तपासून या. दोष निघाला तर उद्या माझी बिनशर्त सही घ्या.” पेटी इतकी जड होती की बसमध्ये चढताना मसुदेराव एका बाजूला झुकले आणि कंडक्टरनं त्यांना आजारी समजून बसायला जागा करून दिली.

दुपारची बस निम्मी रिकामी होती. खिडकीतून कोमट वारा येत होता, पेटी मांडीवर होती, आणि मसुदेरावांचे डोळे मिटायला लागले. तेव्हा त्यांना दिसलं की ती चाळीस सभ्य माणसं बसमध्येच बसलेली आहेत. इस्त्रीचे कपडे, माना किंचित खाली. मसुदेरावांना धीर आला. म्हणजे येणार तर सगळे. पण पहिल्या थांब्यावर त्यातले सहा-सात जण उठले आणि काही न बोलता उतरून गेले. पुढच्या थांब्यावर आणखी काही. एक गृहस्थ उतरताना त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसले. दुसरी बस बदलली तोवर दहाच उरले होते, आणि बाजाराच्या वळणावर त्यातले बरेच पांगले. शेवटचा माणूस, बारीक चष्म्याचा, मसुदेरावांच्या शेजारीच बसला होता. “तुम्ही तरी थांबा,” मसुदेराव त्याला म्हणाले. “माझं काय काम तिथे?” तो म्हणाला आणि शाळेच्या थांब्यावर उतरला. “शेवटचा स्टॉप,” कंडक्टर म्हणाला. बसमध्ये खरोखरच दुसरं कुणी नव्हतं.

तीन जिने चढून मसुदेरावांनी बेल दाबली. ताईनं दार उघडलं. आधी तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे जिन्याकडे.

“एकटाच आलास?”

जी गोष्ट टाळण्यासाठी त्यांनी दहा दिवस जिवाचं रान केलं होतं, तिचं स्वागत हे असं झालं. “हो,” ते म्हणाले.

“बायकोला आणायचं. आठ महिन्यांनी उगवलास तो एकटा. ये आत. आणि ती पेटी कसली?”

बोलायचं ते सगळं बसमध्येच कुणाबरोबर तरी उतरून गेलं होतं. मसुदेरावांनी फक्त विचारलं, “काटा कुठाय?”

काटा ओट्यावर होता. ताई पहिल्यापेक्षा बारीक दिसत होती आणि खिडकीजवळच्या टेबलावर एकच ताटली, एकच पेला पालथा घातलेला होता. मसुदेरावांनी ते बघितलं आणि घाईनं पेटी उघडली. दोनशे ग्रॅमचं वजन ठेवलं. सुई दोनशेवर जाऊन थांबली. पाचशेचं ठेवलं, पाचशेवर. त्यांनी चष्मा पुसला, काटा खिडकीपाशी नेला, सपाट जागा बघून पुन्हा ठेवलं. एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही.

“ताई, काटा बरोबर आहे.”

“मला माहीत आहे.”

“मग तक्रार?”

ताई वजनं एकेक करून पेटीत परत बसवत होती, धाकटं धाकट्याच्या खाचेत. “आठ महिन्यांत तुला घरी तीन पत्रं लिहिली. फोनवर तू नुसतं हो-हो करतोस, म्हणून लिहिली. एकाचंही उत्तर नाही. तूच सांगायचास ना, आमच्या कंपनीला कुणीही लिहू दे, तीन दिवसांत उत्तर जातं म्हणून. म्हटलं, तिकडे लिहून बघू.” तिनं पाचशेचं वजन उचललं आणि जागेवर ठेवलं. “आलं. तिसऱ्या दिवशी. दोनदा वाचलं मी. खाली कुठेतरी तू असशील असं वाटलं.”

मसुदेरावांनी समोर पाहिलं. समोर भांड्यांचं कपाट होतं, त्यालाही काच होती, पण त्यात हिरवळ आली नाही. त्यात आले ते एक चौपन्न वर्षांचे गृहस्थ, डोळे भरून आलेले, आणि त्यांच्या आजूबाजूला कुणीही नव्हतं.

“माझं चुकलं, ताई,” ते म्हणाले. “मी यायला हवं होतं. मी लिहायला हवं होतं. पत्रं वाचली होती मी, तिन्ही. मी खणात ठेवली.”

हेडमास्तरांच्या दोन शब्दांपेक्षा हे बरंच लांबलं होतं आणि वाक्यरचनाही विस्कळीत होती. ताईनं ते सगळं ऐकून घेतलं. पदरानं नाक पुसलं.

“साखर किती घेतोस आता?” तिनं विचारलं. “की डॉक्टरांनी बंद केलीये?”

“अर्धा चमचा.”

“बघ. हेसुद्धा मला माहीत नाही,” ताई म्हणाली आणि तिनं पातेलं गॅसवर चढवलं. मग ते दोघं खिडकीशी बसले. ताई खालच्या मजल्यावरच्या बाईच्या मुलाच्या लग्नाबद्दल बोलत राहिली आणि मसुदेराव हो-हो न करता ऐकत राहिले. ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं तरी कुणी उठलं नाही. निघताना ताईनं त्यांना पेटी उचलू दिली नाही. दोघांनी एकेक कडी धरून ती तीन जिने खाली आणली.

पुढच्या बुधवारी मसुदेरावांनी मॅनेजरबाईंसमोर रजेचा अर्ज ठेवला. त्यात एवढंच होतं: ‘मी आज दुपारी बहिणीकडे जाणार आहे. अर्धा दिवस रजा मिळावी.’

बाईंनी तो वाचला. “मिटलं ना पण ते? आता काय काम निघालं?”

“काम काही नाही, मॅडम,” मसुदेराव म्हणाले. “जायचंय.”

बाईंनी सही केली, आणि मसुदेराव बायकोला फोन करायला बाहेर गेले, कारण आज तिलाही घेऊन जायचं होतं.